सोने शोधणाऱ्याचा विसावा

भोपाळच्या भोवती विंध्याचा वालुकाश्म आहे, दख्खनचा काळा पाषाणही आहे. सोन्यासाठी मात्र हा परिसर प्रसिद्ध नाही. तथापि 1956 पासून हे शहर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी आहे, त्याच राज्यात, महाराष्ट्रातील गोंदियाला लागून, बालाघाट जिल्हा आहे. तेथे नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणे हा सोनझरा लोकांचा पिढीजात व्यवसाय होता. रसेल व हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लोकांची नोंद आहे.

हे काम दिसावयास सोपे वाटते. काथवटीत वाळू घ्यावयाची आणि पाण्यात हलकेच गोल फिरवावयाची. सोने पाण्याच्या सुमारे 19 पट जड, तर साधी वाळू जेमतेम अडीच पटींहून थोडी अधिक. म्हणून वाळू वाहून जाते आणि सोने तळाशी राहते. परंतु सोन्याबरोबर जड काळी रेतीही उरते. तीतून मोहरीहूनही बारीक कण निवडताना डोळ्यांवर क्षणभर झापड आली, किंवा हाताला किंचित हिसका बसला, तर सकाळपासूनची मजुरी पाण्याबरोबर निघून जाते. थकलेला मनुष्य वाळू पुष्कळ धुतो, पण सोने थोडे घरी नेतो.

यावर कोणी म्हणेल, हातावर पोट असणाऱ्याला विश्रांती कशी परवडावी? त्यासाठी दिवस मोडण्याचे कारण नाही. वीसेक मिनिटांनी मान वर करून दूरच्या झाडीकडे थोडा वेळ पाहिले, म्हणजे डोळ्यांचा ताण हलका होतो. तासाभराने पाण्याबाहेर यावे, आखडलेले गुडघे व कंबर मोकळी करावी, पाय कोरडे करावेत, सावलीत बसून पाणी प्यावे. दोघे असतील तर एकाने वाळू खणावी, दुसऱ्याने धुवावी आणि मग कामे बदलावीत. कामातला पालट हीदेखील विश्रांतीच होय.

ऑस्ट्रेलियात 1851 साली सोन्यासाठी झुंबड उडाली, तेव्हा खणणाऱ्यांना दिलेल्या परवान्यांवरच रविवार पाळण्याची आज्ञा छापलेली असे. आपल्याकडे ती आज्ञा पावसाळा देतो. नद्यांना पूर आला की वाळू धुणे थांबते. पण त्याच काळात पूर काठ फोडतो, नवी वाळू आणतो आणि तिच्याबरोबर सोन्याचे नवे कणही आणतो. पाणी ओसरू लागले की हे कण वळणाच्या आतल्या बाजूस, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, खडकांच्या फटींत बसतात. धावत्या पाण्यात सोने ठरत नाही. प्रवाह जेथे मंदावतो, तेथेच ते सापडते. ते शोधणाऱ्या माणसानेही हा नियम विसरू नये.