मुलाचे टॉन्सिल काढावे काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक बाई आपल्या साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. बरोबर मुलाची आजीही होती. मुलाला महिन्या-दोन महिन्यांनीं ताप येई, घसा दुखे, जेवण सुटे. एका डॉक्टरांनीं "टॉन्सिल वाढले आहेत, काढून टाका" असें सांगितलें होतें. दुसऱ्यांनीं "थांबा, वयाबरोबर बरें होईल" असें सांगितलें होतें. वडिलांचें म्हणणें, मे महिन्याच्या सुटींत एकदांचें उरकून टाकावें. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, देवानें दिलेला अवयव कापायचा कशाला? हें कापाकापीचें वेड आपल्याकडचें नव्हे. आमच्या वेळीं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करीत आणि तेवढ्यावर भागे." आईला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि म्हणूनच तिला रात्रीं झोंप येत नव्हती. हा वाद आज पुष्कळ घरांत चालू असेल, असें समजून त्याविषयीं श्रोत्यांशीं थोडें बोलणार आहें.

हे टॉन्सिल म्हणजे काय तें प्रथम पाहूं. मुलाला खिडकीपाशीं उभें करून 'आ' करावयास सांगितलें, तर जिभेच्या मुळाशीं दोहों बाजूंस बदामाएवढ्या दोन गाठी दिसतात, त्याच ह्या. मध्यें लोंबते ती पडजीभ. तिचा ह्या प्रकरणाशीं कांहीं संबंध नाहीं, जरी पुष्कळ घरांत 'पडजीभ वाढली' असें म्हणून त्या बिचारीलाच दोष देतात. ह्याच जातीची आणखी एक गाठ नाकाच्या मागें, टाळूच्या वर असते. तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात आणि ती तोंडांतून दिसत नाहीं. ह्या सर्व गाठी मिळून घशाच्या दाराभोवतीं एक कडें तयार होतें. बाहेरून आंत शिरणाऱ्या जंतूंची ओळख करून घेणें आणि त्यांच्याशीं झगडणारीं द्रव्यें तयार करावयास शरीराला शिकविणें, हें ह्या कड्याचें काम. मूल बालवाडींत जाऊं लागलें कीं त्याची गांठ रोज नव्या जंतूंशीं पडते. म्हणून साधारण तीन ते सात वर्षांच्या वयांत टॉन्सिल चांगलेच मोठे दिसतात व पुढें हळूहळू आटत जातात. चार वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल नुसते मोठे दिसणें हा रोग नव्हे. शाळेंत जाणाऱ्या मुलाची पाटी खडूनें भरलेली असावी, तितकेंच तें स्वाभाविक आहे.

आतां आजींच्या आक्षेपाविषयीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत घशाच्या रोगांमध्यें 'गिलायु' नांवाचा एक रोग वर्णिला आहे. आवळ्याच्या आठळीएवढी, घट्ट, फारशी न दुखणारी गाठ, जिच्यामुळें घास घशांत अडकून राहिल्यासारखा वाटतो. आणि ती शस्त्रसाध्य आहे असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस ह्यानें पहिल्या शतकांत टॉन्सिल बोटानें सोडवून काढण्याची रीत लिहून ठेविली. तेव्हां शस्त्र आपल्याकडचें नव्हे, हें आजींचें म्हणणें टिकत नाहीं. पण वेड हा जो शब्द त्यांनीं वापरला, तो मात्र अगदींच चुकीचा नाहीं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेंत टॉन्सिल काढण्याची साथच आली होती. १९३४ सालीं न्यूयॉर्कच्या शाळांतील एक हजार मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. अकरा वर्षांच्या ह्या मुलांपैकीं ६११ मुलांचे टॉन्सिल आधींच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना शाळेच्या डॉक्टरांनीं तपासलें व त्यांतील १७४ जणांचे टॉन्सिल काढावे असें सांगितलें. जीं २१५ मुलें निर्दोष ठरलीं, तीं दुसऱ्या डॉक्टरांना दाखविलीं; त्यांनीं ९९ निवडलीं. राहिलेलीं ११६ तिसऱ्यांकडे गेलीं. तेथें ५१ निवडलीं गेलीं. दोनदां निर्दोष ठरलेल्या मुलांतूनही जवळजवळ निम्मीं पुन्हां दोषी! अखेर ज्यांना कोणींच बोट लावलें नाहीं अशीं ६५ मुलें उरलीं. पाहणाऱ्याच्या मनांत 'निम्मीं तरी काढावीं लागतात' असें बसलें म्हणजे त्याला घशांत तेंच दिसतें. इंग्लंडांत १९३८ सालीं डॉ. ग्लोव्हर ह्यांनीं दाखवून दिलें कीं, शेजारशेजारच्या भागांत ह्या शस्त्रक्रियांचें प्रमाण कित्येक पटींनीं वेगळें आहे, आणि त्याला मुलांच्या प्रकृतींत कांहीं कारण सांपडत नाहीं. लंडनजवळच्या हॉर्नसी गांवीं १९२९ सालीं शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि शस्त्रक्रिया एक-दशांशावर आल्या. मुलांचें त्यामुळें कांहीं बिघडलें नाहीं.

माझे स्वतःचे टॉन्सिल त्याच लाटेच्या शेपटांत गेले. १९६४ सालीं मी सहा वर्षांचा होतों. तक्रार माझ्या थोरल्या भावाची होती. पण 'आलोंच आहों तर' ह्या न्यायानें आम्हां तिघां भावंडांचे एकाच सकाळीं काढले. नंतर आइसक्रीम मिळालें, एवढेंच मला आठवतें. आईला मात्र त्या रात्रीचें सर्व कांहीं शेवटपर्यंत आठवत होतें.

तर मग काढावे केव्हां? ह्यांत दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न घसा किती वेळां येतो हा. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें डॉ. जॅक पॅरडाइज ह्यांनीं ह्याचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला. त्यांनीं घालून दिलेली मर्यादा आज बहुतेक ठिकाणीं मानतात: एका वर्षांत सात वेळां, किंवा लागोपाठ दोन वर्षें दरसाल पांच वेळां, किंवा तीन वर्षें दरसाल तीन वेळां. नुसतें घसा खवखवला तें मोजावयाचें नाहीं. घसा दुखण्याबरोबर १०१ अंशांवर ताप, मानेंत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा तपासणींत स्ट्रेप्टोकॉकस जंतु सांपडणें, ह्यांपैकीं एक तरी हवें, आणि तें त्या त्या वेळीं कोणीतरी लिहून ठेवलेलें हवें.

लिहून ठेवण्याचा हा आग्रह कशासाठीं? ज्यांचा घसा वारंवार येतो असें आईबापांनीं सांगितलें, परंतु ज्याची नोंद नव्हती, अशा ६५ मुलांवर पॅरडाइज ह्यांनीं लक्ष ठेवलें. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, सांगितल्याप्रमाणें खरोखर घडलें तें फक्त ११ मुलांच्या बाबतींत. आईबाप खोटें सांगतात असें मुळींच नव्हे. रात्रीं दोन वाजतां तापलेलें मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तीन वेळां आणि सात वेळां ह्यांतला फरक आठवणीनें कसा सांगतां यावा? शिवाय तिच्या हिशेबांत साधी सर्दी, पोटाचा ताप, दांतांचा ताप, सारेंच येतें. म्हणून मी एक साधी वही करावयास सांगतों. तारीख, किती ताप, घसा दुखला कीं नुसतें नाक वाहिलें, डॉक्टरांनीं काय पाहिलें, शाळा किती दिवस बुडाली. चार ओळी पुरे.

बरें, मर्यादा ओलांडली म्हणजे फायदा किती? १९८४ सालीं पॅरडाइज ह्यांनीं दाखविलें कीं, फार त्रास असणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेनंतरचीं दोन वर्षें खरोखर सुखाचीं जातात. पण ज्यांचे टॉन्सिल काढले नाहींत त्यांपैकींही पुष्कळांचा त्रास आपोआप कमी झाला होता. आपण मुलाला डॉक्टरांकडे नेतों तें त्याचें सर्वांत वाईट वर्ष चालू असतांना. पुढचें वर्ष बहुधा त्याहून बरेंच असतें, आणि त्याचें श्रेय शेवटचा उपाय करणाऱ्याला मिळतें. हॉलंडमध्यें २००४ सालीं दोन ते आठ वर्षांच्या ३०० मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा त्रास सौम्य होता त्यांना शस्त्रक्रियेनें, थांबून वाट पाहण्यापेक्षां विशेष असें कांहीं मिळालें नाहीं. उलट बाजूस, डेन्मार्कमधील सुमारे बारा लाख मुलांच्या नोंदींवरून २०१८ सालीं असें दिसलें कीं, लहानपणीं टॉन्सिल काढलेल्यांत पुढें श्वसनमार्गाचे विकार अधिक आढळतात. ह्यावरून शस्त्रक्रियेमुळेंच ते झाले असें सिद्ध होत नाहीं. जीं मुलें मुळांत नाजूक तींच टेबलावर गेलीं असतील. पण 'निरुपयोगी अवयव आहे, काढला तर बिघडलें काय' असें म्हणण्याचे दिवस गेले.

आपल्याकडे आणखी एक भीति असते, आणि ती निराधार नाहीं. स्ट्रेप्टोकॉकसनें आलेल्या घशाची हेळसांड झाली तर कांहीं मुलांना सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. पण तिच्यावरचा इलाज शस्त्र नव्हे, पेनिसिलिन जातीचें औषध आहे. तें पूर्ण दहा दिवस द्यावयाचें असतें. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला म्हणून बाटली कपाटांत ठेवून देणें हीच आपल्या घरांतली खरी चूक. लहान मुलांचे बहुतेक घसे विषाणूंनीं येतात आणि त्यांना हें औषध लागतच नाहीं, हें त्याबरोबरच सांगितलें पाहिजे.

दुसरा प्रश्न श्वासाचा, आणि तो पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे. हें मी शिकलों तें माझ्या चुकीवरून. बऱ्याच वर्षांपूर्वीं पांच वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येत असे. तिला ताप क्वचितच येई. आई सांगे कीं ती फार घोरते; मी "सर्दीनें घोरत असेल" म्हणून हंसण्यावारी नेई. वर्षांत सात वेळां ताप नाहीं, मग टॉन्सिलचा विचार कशाला, अशी माझी समजूत. वर्षभरानें ते लोक दुसऱ्या गांवीं बदलून गेले आणि तेथें झोपेंतली तपासणी झाली. मुलीचा श्वास रात्रींतून शेंकडों वेळां अडत होता. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढल्यावर थोड्याच आठवड्यांत ती अंथरूण ओलें करीनाशी झाली, खाऊं लागली, अंगानें भरली. तिच्या आईनें मला पत्रानें कळविलें. पत्रांत रागाचा एकही शब्द नव्हता, आणि त्याचेंच मला जास्त लागलें.

तेव्हां मुलाच्या उशाशीं रात्रीं दहा मिनिटें बसून पहा. सर्दी नसतांना बहुतेक रोज घोरतें काय? घोरतां घोरतां एकदम शांतता, आणि मग दचकून मोठा श्वास, असें होतें काय? मान मागें टाकून, तोंड उघडें ठेवून, घामाघूम होऊन झोंपतें काय? दिवसा पेंगण्याऐवजीं चिडचिड व अस्वस्थपणा करतें काय? हल्ली घरोघरीं असणाऱ्या फोनवर दोन मिनिटें चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखविलें, तर माझ्यासारखी चूक होणार नाहीं. शंका राहिली तर झोपेंतली रीतसर तपासणी करावी. अमेरिकेंत २०१३ सालीं पांच ते नऊ वर्षांच्या अशा ४६४ मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील ७९ मुलांची झोपेंतली तपासणी पूर्ववत् झाली. वाट पाहणाऱ्यांतही ४६ जणांची झाली. लक्ष लावण्याच्या परीक्षेंत दोघांत फरक दिसला नाहीं, परंतु वागणूक, झोंप आणि एकंदर आनंद ह्यांत शस्त्रक्रिया झालेलीं मुलें स्पष्टपणें पुढें होतीं. स्थूल मुलांत मात्र टॉन्सिल काढूनही अडथळा राहूं शकतो.

टॉन्सिलच्या बाजूस वारंवार गळूं होणें, किंवा एकच टॉन्सिल झपाट्यानें वाढणें, ह्या गोष्टी निराळ्या. तेथें वही धरून बसूं नये.

शस्त्रक्रिया ठरलीच तर तिच्याविषयीं थोडें. पूर्ण भूल देऊन ती करतात व साधारण अर्ध्या-पाऊण तासांत आटोपते. खरी चिंता रक्तस्रावाची. इंग्लंड व उत्तर आयर्लंड येथें २००३-०४ सालीं ठेवलेल्या मोठ्या नोंदींत सर्व वयांचे मिळून शंभरीं साडेतीन रोग्यांना तो झाला. पहिल्या चोवीस तासांत मूल बहुधा डॉक्टरांच्या नजरेखालीं असतें. दुसरा धोका पांचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, खपली सुटतांना, घरीं येतो. म्हणून पहिले दोन आठवडे इस्पितळापासून दूर प्रवासाला जाऊं नये, आणि तोंडांतून ताजें लाल रक्त आलें किंवा मूल पुन्हां पुन्हां गिळतांना दिसलें, तर सकाळ होण्याची वाट पाहूं नये. घशांत दिसणारा पांढरा थर म्हणजे पू नव्हे. कान दुखला तरी कानाचा रोग नव्हे. दुखतें म्हणून मूल पाणी टाळतें आणि न पिण्यानें जास्तच दुखतें. तेव्हां वेळच्या वेळीं डॉक्टरांनीं ठरविलेलें पॅरासिटॅमॉल देऊन घोटघोट पाजीत रहावें. अ‍ॅस्पिरिन देऊं नये. कोडीनमुळें कांहीं मुलांचा श्वास मंदावून मृत्यु ओढवल्यामुळें २०१३ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें ह्या शस्त्रक्रियेनंतर तें देण्यास मनाई केली. घरांत उरलेलें खोकल्याचें जुनें औषध म्हणूनही तें जाऊं देऊं नये. तीन वर्षांखालील किंवा श्वास फार अडणाऱ्या मुलाला त्या रात्रीं इस्पितळांतच ठेवावें.

त्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या आईला मीं वही दिली, आणि आजींना गुळण्या चालू ठेवावयास सांगितलें. मात्र मुलाला पाणी न गिळतां गुळणी करतां आली तरच. परवां तीं पुन्हां आलीं. सहा महिन्यांत पांच नोंदी होत्या. तीन नुसत्या सर्दीच्या, दोन खऱ्या घशाच्या. घोरण्याच्या रकान्यांत बहुतेक ठिकाणीं 'नाहीं' असें लिहिलें होतें, आणि तें अक्षर आजींचें होतें. रात्रीं उशाशीं बसण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें होतें. मे महिन्याच्या सुटींत आतां तीं सगळीं कोंकणांत जाणार आहेत. वही बरोबर न्यावी काय, असें आईनें विचारलें. न्यावी, असें मीं सांगितलें.