मद्यमुक्तीची संगत

इ. स. १९३५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं बिल विल्सन नांवाचे गृहस्थ एका हॉटेलांत उतरले होते. दारू सोडून त्यांस पांच महिने झाले होते. पण धंद्यांतील अपयशानें मन खचलें होतें आणि मद्यगृह समोरच होतें. त्यांनीं प्याल्याऐवजीं दूरध्वनि हातीं घेतला आणि एका धर्मोपदेशकामार्फत दुसरा मद्यपी शोधून काढला. ते शल्यवैद्य डॉ. रॉबर्ट स्मिथ. या भेटींतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना जन्मास आली. दुसऱ्यास सावरतांना आपणही सावरतो, हें तिचें बीज होय.

मुंबई-पुण्यांतही तिच्या सभा भरतात. रुग्णालयांत वा व्यसनमुक्ति-केंद्रांत चौकशी केल्यास पत्ता मिळतो. वर्गणी नाहीं, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनांव सांगावें लागत नाहीं. पहिल्या दिवशीं नुसतें ऐकलें तरी चालतें. खुल्या सभेस घरच्या मंडळींनाही जातां येतें.

मात्र जुनें व्यसन एकाएकीं तोडल्यास झटके येऊन प्राणावर बेतूं शकतें. म्हणून प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आप्तेष्ट माणसास सभेच्या दारापर्यंत नेतील. आंत पाऊल मात्र त्यानें स्वतःच टाकावयाचें असतें.