सक्तीचा विषय

गेल्या वर्षी मुलाकडे लॉस एंजेलिसला चार महिने राहण्याचा योग आला. नात तिथल्या एका सरकारी विद्यापीठात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एके दिवशी तिच्या टेबलावर शरीरशास्त्राच्या जाडजूड ग्रंथाशेजारी ‘चिकानो’ लोकांच्या इतिहासाचे पुस्तक दिसले. चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक.

“हे कशाला?” मी विचारले.

“सक्तीचे आहे, आजोबा,” ती म्हणाली.

कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली कायदाच केला. त्यामुळे तिच्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीधराला मूळ रहिवासी, कृष्णवर्णीय, आशियाई किंवा लातिनो यांपैकी एका समाजाचा अभ्यास करावाच लागतो. आशियाई विषय घरचाच, म्हणून सोपा जाईल, असे तिच्या वडिलांचे मत. तिने लातिनो घेतला. मला ते रुचले नाही. इंजेक्शन द्यायला शिकणाऱ्या मुलीला परक्यांच्या सणावारांशी काय करायचे आहे, असे मी बोलून गेलो. तीस वर्षे बडोद्यात कॉलेजात इतिहास शिकवलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते; पण बोललो खरे. तिने वाद घातला नाही. पुस्तक माझ्या हाती दिले आणि कॉलेजला निघून गेली.

सणवार त्यात फारसे नव्हतेच. सुरुवात होती २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहापासून. ‘मेक्सिकोशी युद्ध होऊन अमेरिकेस कॅलिफोर्निया मिळाला’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे मुलांना उतरवून दिले आहे. त्याच १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. त्यावर मात्र माझा पूर्ण तास चाले. ‘मिळाला’ म्हणजे तिथे अगोदर कोणी राहत होते की नाही, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही, आणि मलाही कधी सुचले नाही.

राहत होते. लाखभर मेक्सिकन माणसे जागच्या जागी परदेशात गेली. तहाने त्यांच्या मालमत्तेची हमी दिली होती. पण १८५१ मध्ये कायदा करून कॅलिफोर्नियात जमिनींचे कमिशन बसवले. ज्याची जमीन त्यानेच कागद आणून हक्क शाबीत करायचा. आठशेहून अधिक दावे दाखल झाले आणि कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालले. पुष्कळांच्या बाजूने निकाल लागलाही. पण तोवर वकिलांची बिले आणि सावकारांचे व्याज भागवण्यात जमीन गेलेली! आपल्याकडच्या जुन्या घराण्यांना हे नवे वाटायचे नाही. मुंबई इलाख्यातल्या इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले ते १८५२ साली, म्हणजे अवघ्या एका वर्षाने.

पुढचे एक प्रकरण मी दोनदा वाचले. लॉस एंजेलिसच्या मोठ्या सरकारी इस्पितळात मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांवर बाळंतपणाच्या वेळी संततिबंदीच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. कळा सुरू असताना इंग्रजी कागदावर सही घेतलेली. कित्येकींना इंग्रजी येत नव्हते, आणि आपल्याला आता मूल होणार नाही हे काहींना फार उशिरा कळले. दहाजणींनी १९७५ साली फिर्याद केली. १९७८ मध्ये न्यायाधीशांनी ती फेटाळली. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, भाषेचा गैरसमज झाला, असे त्यांचे म्हणणे. तरी त्या खटल्याच्या गाजावाजामुळे संमतीपत्रे रोग्याला कळणाऱ्या भाषेत असावीत, हे नियम पक्के झाले. काउंटीने या स्त्रियांची माफी मागितली ती २०१८ साली.

संध्याकाळी मी नातीला एवढेच म्हणालो, “हे तुला शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडले नसते.” त्या काउंटीत आजही जवळजवळ निम्मी वस्ती लातिनो आहे, आणि उद्या सहीचा कागद पुढे करणारा हात हिचा असायचा आहे.

हा विषय विद्यापीठांनी आपणहून दिला, असेही नाही. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होई, आणि पुस्तकात त्यांच्या पूर्वजांचे नावही नसे. त्याच सुमारास तिथल्या कॉलेजांतून हे विभाग निघू लागले. विरोध अजून आहे. अ‍ॅरिझोनात २०१० च्या एका कायद्यामुळे शाळांतला असा अभ्यासक्रम बंद पाडला गेला. तो घटनाबाह्य होता हे न्यायालयाने २०१७ साली सांगितले.

सत्राच्या अखेरीस नातीला गृहपाठ होता: आपल्या घरची जमीन कशी आली आणि कशी गेली, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. मला माहीत होते ते इतकेच, की पुण्याकडे एका गावी इनाम होते, ते कमिशनात गेले आणि पणजोबा नोकरीला बडोद्यास आले. “कागद आहेत?” तिने विचारले. आहेत, माळ्यावरच्या ट्रंकेत तीन रुमाल. वडिलांना मोडी वाचता येई, मला येत नाही. तिने निबंधात तसेच लिहिले, आणि त्यावर शिक्षकांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले.

परत आल्यावर मी एका जाणकारांकडे मोडी शिकायला जाऊ लागलो आहे. पहिला कागद लावायला तीन आठवडे गेले. तो इनामाचा निघाला नाही. वाण्याच्या उधारीची यादी आहे. तूर्त तीच नातीला पाठवली आहे.