ग्रामपंचायतीच्या दारात थांबलेले इंटरनेट

लेखमाला : जनतेचा पैसा, गावाची सोय
लेखांक ५

मोबाइलचे २९९ रुपयांचे रिचार्ज मारले, की त्यातले सुमारे ४५ रुपये वस्तू व सेवा करापोटी जातात. उरलेल्या अडीचशे रुपयांच्या महसुलावर कंपनीला सरकारकडे परवाना शुल्क भरावे लागते. या शुल्कात ५ टक्के रक्कम एका खास निधीसाठी धरलेली असते. ढोबळ हिशेब केला तरी एका रिचार्जमागे बारा-तेरा रुपये या निधीच्या नावाने जमा होतात. डोंबिवलीतल्या नोकरदाराच्या रिचार्जमधून ते जातात, तसेच मेळघाटातल्या शेतमजुराच्या रिचार्जमधूनही जातात. जिथे फोन आणि इंटरनेट नेणे कंपन्यांना परवडत नाही तिथे ते नेण्यासाठी हा पैसा आहे.

या निधीचे पहिले नाव ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणातून त्याची कल्पना पुढे आली आणि १ एप्रिल २००२ पासून तो अस्तित्वात आला. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामकरण केले. कंपन्यांनी भरलेली रक्कम थेट या निधीत पडत नाही. ती आधी भारताच्या संचित निधीत जाते आणि तिथून संसदेच्या मंजुरीने या कामासाठी मिळते. त्यामुळे वर्षाला जमा किती झाले आणि गावांसाठी खर्च किती झाले, हे दोन वेगळे आकडे असतात. निधीच्या पहिल्या काही वर्षांत भर होता तो खेड्यातल्या सार्वजनिक दूरध्वनीवर. मग त्यातून देशातली सर्वांत मोठी ग्रामीण इंटरनेट योजना उभी राहिली.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे’ मंजूर केले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचे, खर्च सुमारे २० हजार कोटी आणि मुदत दोन वर्षे, असा तो बेत होता. त्यासाठी २०१२ मध्ये ‘भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. केबल टाकण्याचे काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवर ग्रिड यांच्याकडे आले. राजस्थानातले अराईं, आंध्रातले परवाडा आणि त्रिपुरातले पानिसागर या तीन तालुकावजा गटांत आधी चाचणी झाली. चाचणी वेळेत पार पडली, पण देशभराचे काम मात्र रखडले. २०१५ मध्ये योजनेला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि पहिल्या टप्प्यातला एक लाख ग्रामपंचायतींचा आकडा गाठायला २०१७चा डिसेंबर उजाडला. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला होता आणि दोन्ही टप्प्यांचा मिळून खर्च ४२,०६८ कोटींवर गेला होता.

केबल नेमकी कशी जाते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा घोळ कळत नाही. तालुक्याच्या बीएसएनएल एक्स्चेंजमध्ये एक मुख्य यंत्र असते. तिथून निघालेली फायबर गावागणिक फाटे फुटत ग्रामपंचायतीत येते आणि कार्यालयातल्या भिंतीवरच्या एका छोट्या पेटीत संपते. वीज गेली तरी पेटी चालावी म्हणून सोबत सौर पॅनल आणि बॅटरी दिलेली असते. पहिल्या टप्प्यात पैसा वाचवण्यासाठी तालुक्यापासून अर्ध्या वाटेपर्यंत बीएसएनएलची जुनी फायबर वापरली गेली आणि तिथून पुढे गावापर्यंतच नवी केबल पुरली गेली. सगळी रचना एकेरी होती. रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा नळयोजनेच्या चरात जेसीबीचा दात एकदा लागला, की त्या जागेच्या पुढची सगळी गावे एकदम बंद.

हा दात किती वेळा लागतो? केंद्र सरकारनेच दिलेल्या आकडेवारीनुसार देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटते आणि अशा बेशिस्त खोदकामाने दरवर्षी सुमारे तीन हजार कोटींचे नुकसान होते. खोदण्याआधी तिथल्या केबल-पाइपच्या मालकाला कळवता यावे, म्हणून २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एक अ‍ॅप सुरू झाले. पण गावच्या ठेकेदाराने ते उघडले नाही, तर त्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न जमिनीवर उरतोच.

दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्र त्यांपैकी एक. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पहिल्या टप्प्यातल्या गावांचे काम बीएसएनएलने केले, तर नंतरच्या बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी राज्याच्या महाआयटी कंपनीमार्फत ‘महानेट’ प्रकल्प उभा राहिला. परिणाम असा, की शेजारशेजारच्या दोन गावांतल्या पेट्या दोन वेगळ्या यंत्रणांच्या. पेटी बंद पडली तर फोन कुणाला करायचा, हे सरपंचालाही ठाऊक नसते. केबल टाकणारा ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो, बॅटरी उतरलेली असते आणि ग्रामपंचायतीचा संगणकचालक शेवटी स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढतो.

एवढ्याने गावाचे काय अडते, असे शहरात बसून वाटू शकते. गावात मात्र आता जवळपास प्रत्येक सरकारी कामाला नेट लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी कामाच्या जागेवरून फोटोसह अ‍ॅपवर लावणे सक्तीचे झाले. रेशन दुकानात अंगठा ई-पॉस मशिनवर लावावा लागतो. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा नंदुरबारच्या सातपुड्यात रेंज मिळवण्यासाठी महिला डोंगर चढून जात असल्याच्या बातम्या आल्या. २०२०च्या टाळेबंदीत कोकणातल्या मुलांनी डोंगरावर खोपी बांधून ऑनलाइन वर्ग केले होते. मधल्या पाच वर्षांत सरकारने सेवा झपाट्याने ऑनलाइन नेल्या, पण त्या सेवा घेण्याचे साधन त्या वेगाने गेले नाही. हजेरी लागली नाही तर मजुरी मजुराची बुडते, यंत्रणेची नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये देशातले पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. शाळा, दवाखाना आणि बँकेचे व्यवहार इंटरनेटने जोडण्याचा तो प्रयोग होता. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभांमधल्या पडद्यावर हरिसालची वस्तुस्थिती म्हणून चित्रफिती दाखवल्या आणि सरकारने त्यावर खुलासे केले. राजकारण बाजूला ठेवले तरी हरिसालने एक गोष्ट स्पष्ट केली. उद्घाटनाच्या दिवशी नेट चालणे सोपे असते. तिसऱ्या पावसाळ्यातही ते चालावे, यासाठी वेगळा पैसा आणि वेगळी माणसे लागतात.

तो वेगळा पैसा कुठून आणायचा? सरकारचे पहिले उत्तर होते खासगी भागीदारी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्येच तशी शिफारस केली होती. ३० जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीचा आराखडा मंजूर केला आणि तोटा भरून काढण्यासाठी १९,०४१ कोटी देऊ केले. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. २०२२च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी त्याच वर्षी कंत्राटे दिली जातील आणि २०२५ मध्ये काम पूर्ण होईल, असे सांगितले. प्रत्यक्षात निविदा भरायला कुणी पुढे आले नाही. विरळ वस्ती, महिना दोन-तीनशे रुपयांपेक्षा जास्त देऊ न शकणारे ग्राहक आणि दर पावसाळ्यात तुटणारी केबल, हा धंदा एवढ्या मदतीत खासगी कंपन्यांना परवडणारा वाटला नाही.

४ ऑगस्ट २०२३ रोजी ‘सुधारित भारतनेट’ मंजूर झाले ते या अनुभवानंतर. रक्कम १,३९,५७९ कोटी. यात सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती आणि मागणी आल्यास उरलेली सुमारे ३ लाख ८० हजार गावे येतात. सगळी गावे धरली, तर गावामागे सरासरी एकवीस लाखांहून अधिक रुपये होतात. केबल आता एकेरी न राहता वर्तुळात फिरणार आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. याहून मोठा बदल कंत्राटात आहे. ज्याने जाळे उभारायचे, त्यानेच ते पुढची दहा वर्षे सांभाळायचे आहे. तीन वर्षे उभारणी आणि दहा वर्षे देखभाल. सेवा चालू राहण्याशी देयके बांधलेली आहेत. शिवाय पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी देण्याचे लक्ष्य आहे.

या लक्ष्याशेजारी आजवरचा हिशेब ठेवून पाहावा. संसदेत दिल्या गेलेल्या माहितीनुसार २०२५ पर्यंत सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ झाल्या आणि घरगुती फायबर जोडण्या सुमारे बारा लाख. एका ग्रामपंचायतीमागे पाच-सहा घरे. विहीर खोदून झाली आणि पाणी मात्र पाच घरी, अशी ही अवस्था आहे. ‘सज्ज’ या शब्दाचा अर्थ पेटी बसली एवढाच आहे. ती आज चालू आहे का, हे त्यातून कळत नाही.

पैसा मंजूर झाला म्हणून इंटरनेट लगेच येत नाही, हा अनुभव श्रीमंत देशांचाही आहे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ग्रामीण व मागास भागातल्या ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले. नकाशे, अर्ज, हरकती आणि राज्यांचे आराखडे यांत तीन वर्षे गेली. २०२४ संपले तरी या पैशातून एकाही घराला जोडणी मिळालेली नव्हती. तिथे कागदपत्रांत वेळ गेला, आपल्याकडे केबल पुरल्यानंतरच्या देखभालीत.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या दुर्गम जिल्ह्यांत फायबरबरोबर टॉवरलाही रिचार्जमधून जमणारा हाच निधी कामी आला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांत फोर-जी नेण्यासाठी ६,४६६ कोटी मंजूर झाले. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे आणि राज्याचे आकांक्षित जिल्हे म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. तरीही टॉवर हा फायबरचा पर्याय नाही. एका टॉवरवर शेकडो फोन एकाच वेळी आले की वेग कोसळतो आणि शाळेचा वर्ग किंवा आरोग्य केंद्रातला दूरवैद्यकीय सल्ला अर्ध्यावर तुटतो.

गेल्या चौदा वर्षांचा निकाल असा लागतो, की पैशाची चणचण ही मुख्य अडचण नव्हती. पैसा किलोमीटर मोजून दिला गेला, म्हणून किलोमीटर वाढले. चालू तास आणि जोडलेली घरे मोजून दिला असता, तर ते वाढले असते. सुधारित योजनेने कागदावर तरी हे ओळखले आहे. आता त्या कागदावर पहारा गावाने ठेवायचा आहे.

त्यासाठी वाचकांना एक विनंती. आपल्या किंवा आपल्या मूळ गावच्या पुढच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. ग्रामपंचायतीतली फायबरची पेटी गेल्या तीन महिन्यांत किती दिवस चालू होती? तिच्यावरून किती घरांना, शाळांना, अंगणवाड्यांना जोडणी दिली? आणि ती बंद पडल्यास दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या यंत्रणेची, तिचा फोन नंबर काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावून घ्यावे.

(पुढच्या आठवड्यात : जिथे फायबर नेणे शक्य नाही तिथे उपग्रहाचे इंटरनेट, त्याचा खर्च आणि त्याच्या मर्यादा)