ॲलिसचा निळा फ्रॉक कुठून आला?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या साधनाला ‘ॲलिस इन वंडरलँड’चं ॲनिमेशन करायला सांगितलं, की बहुतेक वेळा एकच मुलगी पडद्यावर येते: सोनेरी केस, निळा फ्रॉक, पांढरा एप्रन. लुईस कॅरलच्या गोष्टीत यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिचे केस कुरळे नाहीत आणि कापायला झालेत, एवढंच तिथे कळतं. बाकीचं रूप जॉन टेनियलच्या १८६५ च्या ४२ चित्रांचं. हॅटरच्या टोपीत खोचलेली किमतीची चिठ्ठीसुद्धा त्याचीच. निळा रंग मात्र टेनियलचाही नव्हे. त्याची मूळ चित्रं काळी-पांढरी होती, आणि १८९० मध्ये बालवाचकांसाठी निघालेल्या रंगीत आवृत्तीत फ्रॉक चक्क पिवळा आहे. निळा लोकांच्या मनात ठसवला तो मुख्यतः डिस्नेच्या १९५१ च्या चित्रपटानं.

यंत्र गोष्ट वाचून मुलगी कल्पत नाही. चित्र आणि त्यासोबतचा मजकूर अशा जोड्यांवरून ते शिकतं. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘लायॉन-५बी’ या एकाच संचात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. एखाद्या नावाशी जे रूप सर्वाधिक वेळा जोडलेलं असेल, तिकडे त्याचा कल जातो. म्हणून ‘कॅरलच्या पुस्तकावर आधारित’ अशी पाटी लावलेलं ॲनिमेशन प्रत्यक्षात पुस्तकावर नव्हे, त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रांवर आधारलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

यावर कुणी म्हणेल, डिस्नेनं तरी दुसरं काय केलं? उसनवारी जुनीच आहे, हे खरं. पण माणूस ज्याच्याकडून घेतो त्याच्याशी भांडतोही. स्वामित्वहक्क संपताच १९०७ मध्ये आर्थर रॅकहॅमनं टेनियलला बाजूला ठेवून आपली ॲलिस काढली. १९८८ मध्ये चित्रपट-दिग्दर्शक यान श्वांकमायरनं तिला हाडं, चिंध्या आणि भुसा भरलेल्या प्राण्यांच्या अंगावर शहारे आणणाऱ्या जगात नेलं. परंपरेपासून दूर जायचं ठरवावं लागतं, आणि तो निर्णय यंत्र आपणहून घेत नाही. सूचनेत ‘केस काळे’ असं लिहिता येतंच की, हा दुसरा आक्षेपही बरोबर आहे. पण तसं लिहायला सोनेरी केस मूळ गोष्टीत नाहीत हे आधी ठाऊक हवं.

कॅरलनं स्वतःच्या हातानं लिहून, ३७ चित्रं काढून १८६४ मध्ये जिच्यासाठी ही गोष्ट रचली त्या ॲलिस लिडेलला भेट दिलेली वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यातली ॲलिस टेनियलच्या ॲलिससारखी दिसत नाही. ॲनिमेशन करायला बसणाऱ्यांनी सूचना टाइप करण्याआधी ती चित्रं पाहावीत, आणि त्याहीआधी गोष्ट वाचावी.