पाणी कोठे मुरते?

‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण संशयाने म्हणतो. शेतीत हे बोल पुष्कळदा अक्षरशः खरे ठरतात. पूर्वी विहिरीचे पाणी पाटाने जाई. पाट फुटला तर तो दिसे, आणि दारे धरणारा गडी दोन फावडी माती ओढून तो बुजवी. आज बहुतेक ठिकाणी पाणी जमिनीखालील प्लास्टिकच्या नळीने नेले जाते. त्यामुळे पाटातील नासाडी थांबली, ही गोष्ट मोठीच आहे. परंतु पुरलेली नळी फुटली तर ती नजरेस पडत नाही. त्यातून आपोआप सुरू होणारा पंप रात्री चालत असेल, तर शेतावर कोणी नसताना पाणी वाहून जाते.

सांगोला तालुक्यातील डाळिंबाच्या एका बागेत एका चैत्रात आम्ही गेलो होतो. झाडांवर लिंबाएवढी फळे होती, परंतु शेवटच्या ओळींतील पाने माना टाकीत होती. बागेचे वृद्ध मालक म्हणाले, “साहेब, विहिरीनं दगा दिला. आता कर्ज काढून बोअर घेतल्याबिगर बाग राहत नाही.”

“आबा, बोअरचं मागाहून बघू. आधी विहिरीतलं पाणी बागेत किती पोचतं, ते तरी मोजू या,” असे आम्ही सुचविले.

नळीच्या शेवटच्या तोंडाशी २०० लिटरचे पिंप ठेवले. ते भरण्यास ६० सेकंद लागले. पूर्वी किती लागत, याची नोंद नव्हती. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खोल गेल्यानेही पंपाचे पाणी घटते. म्हणून केवळ पिंपावरून गळतीचा निर्णय देता येत नाही. पिंप संशय दाखविते. पुरावा बंद नळीच्या परीक्षेने मिळतो.

ही परीक्षा अशी करावी. नळी पाण्याने पूर्ण भरून हवा निघून जाऊ द्यावी. शेवटचा व्हॉल्व्ह सावकाश बंद करावा व लागलीच पंप थांबवावा. तोंड बंद ठेवून पंप चालू देऊ नये. त्याने पंप तापतो व दाब वाढून नळीही फुटू शकते. नंतर विहिरीवरील व्हॉल्व्ह बंद करून दाबमापकाच्या काट्याकडे पाहावे. नळी व व्हॉल्व्ह शाबूत असतील तर काटा जवळजवळ जागीच राहतो. गळती असेल तर तो घसरतो.

आबांच्या बागेत काटा पाहता पाहता खाली आला. मग मधला व्हॉल्व्ह बंद करून फक्त विहिरीकडील अर्धा भाग तपासला. तेथे काटा स्थिर राहिला. म्हणजे दोष पुढच्या अर्ध्या भागात होता. याप्रमाणे व्हॉल्व्ह असतील तितके भाग करीत गेल्यास सर्व रान उकरण्याची पाळी येत नाही.

त्यापुढील शोध डोळ्यांनी घ्यावा. भर उन्हात नळीच्या रेषेवर एखाद्याच जागी हिरवीगार हराळी किंवा लव्हाळा दिसणे, माती खचणे, सकाळी तेवढीच जागा ओलसर दिसणे, पंप सुरू होताच नळीच्या तोंडातून वारंवार हवा फसफसणे, या खुणा ओळखाव्यात. परंतु ओल दिसते तेथेच भोक असते असे नाही. चरातील भुसभुशीत मातीतून पाणी उताराकडे सरकत जाते. म्हणून ओलीच्या वरच्या अंगास शोधावे. मुरमाड जमिनीत तर पाणी वर न येता खालीच जिरते. तेव्हा जमीन कोरडी म्हणून नळी शाबूत, असा निष्कर्ष काढू नये.

आबांच्या बागेत वर ओल नव्हतीच. एका कोपराजवळ थोडी जमीन खचली होती. तेथे हाताने उकरले असता सांधा सुटलेला आढळला. नळी पुरताना खाली दगड राहिला होता व त्यावर तिचा भार पडला होता. सांधा नवा बसविल्यावर पिंप ५० सेकंदांत भरले. म्हणजे मिनिटास २०० लिटरऐवजी २४० लिटर पाणी बागेस मिळू लागले. सहा तासांच्या पाळीत हा फरक १४,४०० लिटर होतो. झाडास दिवसाला ४० लिटर धरले तरी हे ३६० झाडांचे पाणी झाले. बोअरचे कर्ज टळले. शिवाय डाळिंबास पाणी कमीअधिक झाल्यास फळे तडकतात, तो धोकाही कमी झाला.

काळ्या जमिनीत विशेष सावध राहावे. ती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. या ओढाताणीत सांधे निसटतात. नळी दोन ते तीन फूट खोल, बिनदगडी मातीत पुरावी. सांधा जोडताना टोके स्वच्छ व कोरडी करावीत, आणि सोल्युशन वाळण्यास एक दिवस द्यावा. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा चार दिवसांचा उपाय आहे. ठिबकमध्ये उपनळीला जेथे बारीक नळ्या जोडतात ती रबरी बुचे, आणि आच्छादनाखाली उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या अवश्य पाहाव्यात.

घरच्या परसबागेस टाकीतून पाणी देत असाल तर परीक्षा याहून सोपी आहे. संध्याकाळी टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करावी व सकाळी पाहावे. दुसऱ्या रात्री तो उघडा ठेवून पुढच्या सर्व तोट्या बंद कराव्यात. दोन्ही रात्री टाकीत पाणी येऊ देऊ नये. पहिल्या रात्री पातळी उतरली तर टाकी किंवा तिचा व्हॉल्व्ह गळतो. केवळ दुसऱ्या रात्री उतरली तर नळी गळते. मिनिटाला एक लिटर गळणारी नळी दिवसाला १,४४० लिटर पाणी दवडते, हे विसरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रत्येक जलवाहिनीचा साधा नकाशा शेतकऱ्याकडून काढवून घ्यावा. विहिरीपासून कोपर, सांधे व व्हॉल्व्ह किती पावलांवर आहेत, ते त्यात लिहावे. नळी चांगली असतानाच पिंप भरण्यास लागणारे सेकंद व विहिरीतील पाण्याची पातळी दर महिन्यास वहीत नोंदवावी. शेतकरी बंधूंनी नवी विहीर वा बोअर घेण्याचा विचार मनात येताच प्रथम ही वही उघडावी. नवे पाणी शोधण्यापूर्वी हातचे पाणी राखणे, हे अधिक स्वस्त व अधिक खात्रीचे काम होय.