शरीरातला गंज

मावळचा पाऊस कामशेतच्या लोकांना सांगायला नको. ओला विळा न पुसता पडवीत टाकला, तर चार दिवसांत त्यावर गंज चढतो. हवेतला प्राणवायू ओल्या लोखंडाशी मिळतो, त्याचा हा गंज. उघडे राहिलेले तेल खवट होते, तेही प्राणवायूमुळेच.

हाच प्राणवायू आपण श्वासातून घेतो. त्यावाचून जगणे नाही. घर विटांचे असते, तसे शरीर बारीक बारीक पेशींचे असते. पेशीत प्राणवायूच्या मदतीने अन्नातून शक्ती निघते. पण चुलीतून ठिणगी उडावी, तसे या कामात प्राणवायूचे काही उतावळे कण सुटतात. ते जवळ सापडेल त्याची मोडतोड करतात.

पेशीतली बहुतेक कामे प्रथिने करतात. डाळ, अंडी, मासे खाल्ले, की त्यांतून शरीर आपली प्रथिने घडवते. प्रत्येक प्रथिनाचा आकार ठरलेला, कुलपाच्या किल्लीसारखा. किल्ली गंजली तर कुलूप उघडेल का? तसेच बिघडलेले प्रथिन कामाचे राहत नाही. निरोगी शरीर या ठिणग्या विझवते आणि मोडकी प्रथिने दूर करते.

आता मुद्द्याचे ऐका. बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. तिथे कर्करोग झाला, की पेशी बेसुमार वाढतात. त्यांच्यात या ठिणग्याही जास्त उडतात. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ शास्त्रज्ञ तपासतात, तेव्हा तिच्या प्रथिनांवर मोडतोडीच्या खुणा दिसतात. या खुणांचा उपचाराला काय उपयोग होईल, याचा ते शोध घेत आहेत. मात्र दवाखान्यात आज हा गंज मोजून रोग ओळखत नाहीत. म्हणून ‘गंज काढतो’ असे सांगून कोणी पुडी विकली, तर घेऊ नका. तिने कर्करोग बरा होत नाही.

मग रोग कळायचा कसा? तो पोटात लपून वाढतो. पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरल्यासारखे वाटते, ओटीपोट दुखते, लघवीला वारंवार जावे लागते. घरात म्हणतात, “वात झाला असंल, होईल बरं.” पाळी गेल्यावर हा रोग जास्त होतो, तेव्हा तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. असे दुखणे अंगावर काढू नये. दोन-तीन आठवडे हा त्रास थांबला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आई किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगा. अशी लक्षणे असली म्हणजे कर्करोगच असतो असे नाही. पण खात्री करून घ्यावी.

डॉक्टर पोट तपासतात, सोनोग्राफी करतात, रक्त पाहतात. कामशेतहून लोकलने पुण्याला गेले, की स्टेशनाजवळच ससून रुग्णालय आहे. मुंबईला परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय 1941 सालापासून कर्करोग्यांवर उपचार करीत आहे. शस्त्रक्रिया आणि औषधे, असे दोन्ही उपाय आहेत. रोग लवकर सापडला, तर त्यांचा गुण जास्त येतो.

हा रोग शिवल्याने होत नाही. तो कुणाच्या पापाचे फळही नाही. तेव्हा बायांनो, लाजू नका. आणि बाप्यांनो, घरातली बाई पोटाची तक्रार सांगू लागली, तर हसण्यावारी नेऊ नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा, असे आमचे सांगणे आहे.